वस्तादाची जीप

मनोहर वस्तादाच्या हातचा मार खाल्ला नाही असं पोर सौंसरच्या त्या आखाड्यात शोधूनही सापडलं नसतं. उशिरा आलं, मार. डाव टाकताना मान खाली गेली, मार. सरावात मोबाईल वाजला, मार. पाण्यात भिजवलेली हिरवी फोक पोटरीवर अशी बसायची की दोन दिवस पोर पाय फाकून चालायचं. पण एक होतं. मार झाला की विषय संपला. वस्ताद त्याच पोराला जवळ बसवून स्वतःच्या हातानं भिजवलेले हरभरे खायला द्यायचा, आणि पुन्हा त्या चुकीचं नाव जन्मात काढायचा नाही. घरी तक्रार नाही, अबोला नाही, मनात अढी नाही. मार खाल्ला, मोकळा झाला. गावाला ही रीत फार आवडे. "आमच्या इथं कोणी मनात ठेवत नाई," असं लोक छाती फुगवून सांगत. मनात ठेवत नाहीत हे खरंच. डोक्यातही ठेवत नाहीत, ही त्यातली गोम.

तृप्ती दहा वर्षं हा मार खात आली होती. तेराव्या वर्षी ती पहिल्यांदा लाल मातीत उतरली तेव्हा तिचा काका कुऱ्हाडीचा दांडा घेऊन आखाड्यात शिरला आणि तिला वेणीला धरून बाहेर ओढू लागला. वस्तादानं काकाच्या हातातून दांडा हिसकला, काकाला कमरेत धरून उचललं आणि बाहेरच्या नालीत फेकलं. वर म्हणाला, "मातीले बाई-माणूस समजत नाई. तुले लय समजत असन तर तू घरी बस." आठ दिवस गावात बोंब होती. दोन वर्षांनी तृप्तीनं राज्याचं चांदीचं पदक आणलं, तेव्हा तेच बोंबलणारे बसस्टँडवर फटाके घेऊन उभे. आता ती तेवीस वर्षांची होती, चौसष्ट किलोची होती, आणि आखाड्यातल्या सहा पोरींची ताई होती. वस्ताद तिचा बाप नव्हता, पण बापानं तिच्यासाठी एवढं केलं नव्हतं.

आणि वस्ताद प्यायचा.

"आखाड्यात तर पीत नाई ना?" असं म्हणून लोक तो विषय तिथंच मिटवत. आखाड्यात तो पीत नसे, हे कबूल. पण लहान गावातला वस्ताद नुसता वस्ताद नसतो. मालिश तोच करतो, मोडलेलं बोट तोच बसवतो, आणि कुस्तीच्या दंगलीला पोरं न्यायची असली की ड्रायव्हरही तोच. कमिटीनं वर्गणी काढून एक जुनी जीप घेतली होती आणि तिची किल्ली वस्तादाच्या करदोट्याला असे. पहिल्यांदा पोलिसांनी त्याला नळीत फुंकायला लावलं, तेव्हा तो कोर्टात दंड भरून सुटला आणि आखाड्यात नुसता हशा झाला. दुसऱ्यांदा त्यानं लोधीखेड्याजवळ एका बैलगाडीला धडक दिली आणि बैलाचा पाय मोडला. बैलवाल्यानं भर रस्त्यात त्याला चपलेनं बडवलं, आणि एवढा पंचाण्णव किलोचा गडी खाली मान घालून मार खात उभा राहिला. कमिटीला ते ऐकून बरंच वाटलं. मार झाला, विषय संपला.

तिसऱ्या वेळी जीपमध्ये पोरं होती.

पांढुर्ण्याची दंगल आटोपून ते परत निघाले होते. चांगलं लख्ख ऊन होतं, रस्ता कोरडा होता, समोर कोणी नव्हतं. दुपारी कोणाच्या तरी संत्र्याच्या बगीच्यात वस्तादाचा पाहुणचार झाला होता, आणि तो जीपपाशी आला तेव्हा त्याच्या तोंडाला मोहाच्या दारूचा वास येत होता. तृप्तीला तो जाणवला. तिनं वस्तादाकडं पाहिलं, वस्तादानं तिच्याकडं पाहिलं, आणि ती काही न बोलता मागं चढली. ती बसली म्हणून बाकीच्या पोरी बसल्या. ताई बसली, मग भ्यायचं कशाला?

उर्वशी सोळा वर्षांची होती, तृप्तीची सरावाची जोडीदार. आयुष्यातली पहिली कुस्ती मारून आली होती आणि मागच्या फळीवर बसून पाय बाहेर सोडून गाणं म्हणत होती. जीप डावीकडं सरकली. पुलाच्या दगडी कठड्याला मागची बाजू घासत गेली आणि गाणं मध्येच तुटलं. तृप्ती सावरून उठली तेव्हा उर्वशीचा डावा पाय कठडा आणि लोखंडी पत्रा यांच्यामध्ये होता. नडगीचं हाड पांढरं दिसत होतं. चौघींनी मिळून जीप हलवली आणि पाय सुटला, तेव्हा रक्ताची चिळकांडी तृप्तीच्या तोंडावर आली. तिनं ओढणी फाडून मांडीला आवळली आणि दवाखाना येईपर्यंत त्या गाठीवर गुडघा रोवून बसली. वस्ताद रस्त्यात फतकल मारून बसला होता. "काई नाई झालं, काई नाई झालं," एवढंच तो म्हणत होता. पुढं बसलेल्या रोशनच्या, म्हणजे आखाड्यातल्या सगळ्यात थोरल्या पहिलवानाच्या, तीन फासळ्या मोडल्या होत्या, आणि तो त्याही अवस्थेत वस्तादालाच धीर देत होता.

नागपूरच्या डॉक्टरांनी उर्वशीचा पाय गुडघ्याखाली कापला.

बाराव्या दिवशी आखाड्यात कमिटी बसली. अध्यक्ष गजाननराव, संत्र्याचे व्यापारी, पांढरे कपडे, मऊ आवाज, आणि निर्णय घ्यायची वेळ आली की खोकला. वस्ताद कोपऱ्यात मातीवर बसला होता. जामिनावर सुटल्याबरोबर तो अनवाणी जामसांवलीला गेला होता आणि हनुमानजींसमोर दारू सोडल्याची शपथ घेऊन आला होता. कपाळावर अजून शेंदूर होता.

"शपथ घेतली म्हणते," गजाननराव म्हणाले. "पहिलवान माणूस मारुतीपुढं खोटं बोलन काय? केस तं कोर्टात चालूच हाय. आपण कायले वरून अजून मारा त्याले?"

रोशन छातीला पट्टा बांधून उभा होता. तो म्हणाला, "माह्या फासळ्या मोडल्या, अन् मी काई म्हणून नाई राहिलो. मंग बाकीच्याईले काय त्रास हाय?"

तेवढ्यात कलाबाई आली. कलाबाई म्हणजे उर्वशीची आई. नागपूरच्या बसमधून उतरून ती सरळ इथंच आली होती, हातात दवाखान्याची पिशवी. तिनं कोणाला नमस्कार केला नाही. पिशवीतून तिनं कुस्तीचा एक बूट काढला, डाव्या पायाचा, आणि तीन पावलांवरून वस्तादाच्या तोंडावर हाणला. टाच त्याच्या भुवईवर बसली आणि भुवई फुटली.

"ठेव तुह्याजवळ," ती म्हणाली. "माह्या पोरीले आता एकच लागते."

वस्तादानं रक्त पुसलं नाही. तो उठला, कलाबाईच्या पायाशी जाऊन बसला आणि म्हणाला, "मार बाई. अजून मार. मी हात वर करनार नाई." कलाबाईनं त्याला थोबाडीत मारल्या, एक, दोन, पाच, सात, मारता मारता तिचाच हात सुजला आणि ती रडत खाली बसली. कमिटीतल्या दोघांनी डोळे पुसले. तृप्तीनं सगळ्यांची तोंडं पाहिली. सगळे हलके झालेले होते. मार झाला होता ना!

"वस्तादाले काढावं, असं ज्याले वाटते त्यानं हात वर करावा," गजाननराव घाईनं म्हणाले. सात माणसांच्या कमिटीत एकही हात वर गेला नाही.

"सोमवारी जबलपूरची निवड हाय," तृप्ती म्हणाली. "सहा पोट्ट्या जाऊन राहिल्या. गाडी कोण चालवन?"

"वस्ताद चालवन, अजून कोण?"

"दुसरा ड्रायव्हर करा."

"म्हणजे वस्तादाले पोट्ट्याईसमोर नंगं करा?" गजाननराव खोकले. "हे पाह्य बाई, या आखाड्याचा नेम तुले ठाऊक हाय. इथं वस्तादाले कमिटी काढत नाई. माती काढते. मनोहरनं रामाजीबाबाची पाठ टेकवली, तवा रामाजीबाबा उठले अन् पगडी देली त्याले. ज्याले वस्ताद नको, त्यानं त्याची पाठ टेकवावी. मी कोण होतो काढनारा?"

रामाजीबाबा तिथंच भिंतीला टेकून बसले होते, पंचाहत्तरीचे, दोन्ही कान कुस्तीनं चुरगळलेले. गजाननरावांना घरी जायचं होतं, म्हणून त्यांनी नेम काढला होता. नेमाचा उपयोग मोठी माणसं बहुतेक वेळा असाच करतात.

"ठीक हाय," तृप्ती म्हणाली. "मी टेकवतो."

आधी हसू फुटलं. मग ते थांबलं, कारण वस्ताद हसत नव्हता. नाही म्हणायची त्याला सोय नव्हती. बाईशी लढत नाही म्हणावं, तर दहा वर्षांपूर्वी काकाला नालीत टाकून जे बोलला ते खोटं पडत होतं. त्यानं भुवईवरचं रक्त बोटानं निपटलं आणि मातीत झटकलं.

"रविवारी," तो म्हणाला. "नऊ वाजता. हारली तं सोमवारी चुपचाप गाडीत बसशीन."

"अन् तुमी हारले तं गाडीची किल्ली देसान अन् जासान."

रागात माणसाला आपण हुशार वाटतो. तृप्तीलाही वाटलं. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यानं पोरांना शिकवावं की नाही, याचं उत्तर कुणाच्या पाठीला माती लागली यावरून मिळणार नव्हतं. पण ती त्याच मातीत वाढली होती, आणि मातीत सुटत नाही असं काही जगात असतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

रविवारी आठ वाजताच आखाड्याच्या भिंतीवर माणसं चढली. पांढुर्ण्याहून मोटारसायकली आल्या, लोधीखेड्याहून ट्रॅक्टर भरून आला. डफडं वाजत होतं. पोट्टे मोबाईल वर धरून उभे होते. कलाबाई आली नव्हती. पंच रामाजीबाबा. वेळेचं बंधन नाही, गुण नाहीत. पाठ टेकली की संपलं.

तृप्तीनं एकच हिशेब केला होता. वस्ताद अठ्ठेचाळीस वर्षांचा होता, ताकद रेड्याची होती, पण दम उरलेला नव्हता. पहिली पाच मिनिटं त्याच्या हाती लागायचं नाही.

सलामी झाली आणि वस्तादानं पहिल्याच झटक्यात तिच्या मानेवर पंजा मारला. कुस्तीतली थापच ती, पण अशी की तिच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि जीभ दातांखाली आली. तोंडात रक्ताची चव घेऊन ती मागं सरली. तो आला. ती बगलेखालून निसटली. तो पुन्हा आला, तिनं त्याच्या घोट्यावर लाथ घातली आणि बाजूला झाली. भिंतीवरून शिट्ट्या आल्या. "अबे पकड ना तिले!" तिसऱ्यांदा त्यानं तिला पकडली. कमरेत हात घालून उचललं आणि डोक्यावरून भिरकावलं. ती मातीवर पोटावर आपटली, श्वास निघून गेला, आणि पाठीवर पंचाण्णव किलो येऊन पडले. त्यानं तिचं तोंड मातीत दाबलं. नाकात, डोळ्यांत, दातांत लाल माती. कोपर तिच्या मानेच्या मणक्यावर रोवून तो तिला उलटवू लागला आणि ती बोटं मातीत खुपसून चिकटून राहिली. एक नख उपटून निघालं. ती ओरडली, पण उलटली नाही.

"सोड तृप्ती, मोडन काई तरी," तो तिच्या कानाशी म्हणाला. आवाज मायेचा होता. म्हणूनच तिला त्याचा जास्त राग आला.

सातव्या मिनिटाला त्याचा भाता फुटला. छाती वरखाली होऊ लागली, ओठ पांढरे पडले. त्यानं पकड बदलायला एक क्षण हात सैल केला आणि ती खालून सापासारखी फिरली. त्याची मान तिच्या काखेत आली, त्याचा एक पाय तिच्या हातात. तिनं सगळा जीव लावून पाय ओढला आणि वस्ताद गुडघ्यावर आला, मग कुशीवर. एक खांदा मातीला लागला. डफडं थांबलं. दुसरा खांदा चार बोटं वर होता. तिचं तोंड त्याच्या तोंडाशी होतं, तो धापा टाकत होता, आणि त्या धापेबरोबर वास आला. सकाळी नऊ वाजता. मारुतीसमोर शपथ घेऊन अजून आठवडाही झाला नव्हता.

"पिऊन आले?" तिनं विचारलं. हे तिनं विचारायला नको होतं. कुस्तीत बोलायचं नसतं, हेही त्यानंच शिकवलं होतं.

वस्तादाच्या डोळ्यांत भीती आली. हारायची नव्हे, कोणी ऐकलं तर, याची. त्यानं तिचा उजवा हात मनगटापाशी धरला आणि सांध्याच्या उलट पिरगळला. तो डाव नव्हता. कुठल्याच आखाड्यात तो डाव नाही.

"सोड!" रामाजीबाबा ओरडले. "मनोहर, सोड!"

त्यानं सोडला नाही. खांद्यातून ओली फांदी मोडल्यासारखा आवाज झाला आणि तो भिंतीवरच्यांनाही ऐकू गेला. तृप्तीच्या अंगातली ताकद एकदम सांडली. ती उताणी पडली. वस्ताद तिच्या छातीवर हात टेकवून बसला, आणि मग त्याला आपण काय केलं ते दिसलं.

रामाजीबाबांनी वाकून पाहिलं. पाठ टेकली होती. नेमात हाताबद्दल काही नव्हतं.

"चीत," ते म्हणाले आणि थुंकले.

डफडं वाजायला हवं होतं, ते वाजलं नाही. वस्ताद उठला. रडत होता. "गलती झाली, पोरी, गलती झाली," म्हणत त्यानं तृप्तीला बसवलं, तिचा लोंबणारा हात आपल्या पंच्यानं छातीशी बांधला. त्या बांधण्यात केवढी सफाई होती! शंभर पोरांची हाडं बांधलेला हात तो. "इथं नाई होनार, नागपूरले न्या लागन," तो म्हणाला, आणि करदोट्याची किल्ली सोडवत जीपकडं धावला. दार उघडलं. "चाल. मी नेतो. दोन तासात पोचवतो."

तृप्ती उठून उभी राहिली. ती जीपपाशी गेली, पण चढली नाही.

"कुस्ती मी हारली," ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, म्हणजे भिंतीवरच्यांनाही ऐकू जावं. "वस्ताद जिंकले. नेम झाला. आता हे सांगा, वस्ताद आजही पिऊन हायेत. वास मले आला, जवळ या म्हणजे तुमालेही येईन. मी बसतो मागं. पुढं कोण बसते?"

कोणी हललं नाही.

"अध्यक्षसाहेब, तुमी बसा."

गजाननराव खोकले. "माही स्कूटर हाय ना बाई…"

"त्या दिवशी मले वास आला अन् मी बसली," ती म्हणाली. "माह्या भरोशावर उर्वशी बसली. आता मी कोणाच्या भरोशावर बसू, सांगा."

"रोशन!" वस्ताद ओरडला. "चाल, बस पुढं. रोशन!"

रोशन छातीचा पट्टा दाबून उभा होता. आयुष्यात त्यानं वस्तादाला नाही म्हटलं नव्हतं. तो दोन पावलं मागं सरकला. आणि वस्तादाचं डोकं फिरलं. त्यानं रोशनला मानगुटीला धरून ओढलं, थोबाडात दिली, मोडलेल्या फासळ्यांवर गुडघा घातला आणि त्याला जीपमध्ये कोंबू लागला. "बस म्हणतो ना! माह्या गाडीत बसत नाई? माह्या?" रोशन गुरासारखा ओरडला.

मग भिंत फुटली. माणसं धडाधड खाली उड्या टाकून आली. पहिली लाथ कोणाची ते कळलं नाही. वस्ताद जीपच्या चाकापाशी पडला आणि त्याच्यावर चपला, पट्टे, हेल्मेटं, फावड्याचा दांडा, जे हाताला येईल ते पडू लागलं. चार दिवसांपूर्वी एक हात वर झाला नव्हता, आता सातही जणांचे चालत होते. गजाननरावांची पांढरी बाही खांद्यापर्यंत लाल झाली होती. वस्ताद डोकं झाकत नव्हता. तो पडून होता आणि मार खात होता, आणि तृप्तीनं त्याच्या चेहऱ्यावर काय पाहिलं असेल? समाधान. तो सुटत चालला होता.

ते पाहून तिच्या मनात लख्ख उजेड पडला. आज याला मारतील. अर्धा जीव करतील. संध्याकाळी यांनाच कीव येईल, कोणी हळद लावेल, कोणी दूध आणेल, आणि सोमवारी हाच माणूस डोक्याला पट्टी बांधून गाडीवर बसेल. सगळे म्हणतील, बिचाऱ्यानं मार खाल्ला, आता कायले?

"मारू नका!" ती गर्दीत घुसली. मोडक्या खांद्यावर एक दांडा बसला आणि ती किंचाळली, पण हटली नाही. वस्तादावर आडवी उभी राहिली. "मारू नका त्याले! बंद करा!"

हात थांबले. लोक धापा टाकत मागं झाले. कोणीतरी गहिवरून म्हणालं, "पाहा, चेली असावी तं अशी." गजाननरावांनी कपाळाचा घाम पुसला. त्यांचा चेहरा सैल झाला होता.

"चला, झालं," ते म्हणाले. "भेटला त्याले धडा. विषय संपला."

"नाई संपला," तृप्ती म्हणाली. "मारून तुमी मोकळे होऊन राहिले. तोही होऊन राहिला. कागद काढा."

"कोन्ता कागद?"

"काढल्याचा. लिवा अन् सही करा. आत्ता. सातही जनाईची."

"अवं, पण तू तं हारली ना? नेम…"

"चूक माही झाली. हे मातीत सुटनारं नव्हतंच. हे तुमचं काम होतं, अन् तुमी ते मातीवर ढकललं. मी बी येडी, उतरली." ती थांबली, दात खाऊन कळ गिळली. "सोमवारी पोट्ट्या कोणासंग पाठवता? तुमची नात गायत्रीही हाय त्याच्यात. बसवता तिले या गाडीत?"

गजाननरावांना खोकला आला नाही. त्यांनी नातीला शोधलं; ती भिंतीशी उभी होती, दोन्ही हातांनी तोंड दाबून.

"लिव, गजानन," रामाजीबाबा म्हणाले. "पाठ माहीही टेकली होती. पण मी कोण्या पोरीचा पाय नव्हता घेतला. लिव."

स्कूटरच्या डिकीतून हिशेबाची वही आली, तिचं मागचं कोरं पान फाडलं गेलं. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून गजाननराव लिहू लागले. मनोहर यांना दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल वस्तादाच्या कामावरून कायमचं कमी केलं आहे. यापुढे ते आखाड्याची गाडी चालवणार नाहीत आणि आखाड्यात शिकवणार नाहीत. तीन ओळी. लोक ओठ हलवत वाचत होते, आणि दांडे हातात धरलेल्या त्या माणसांचे चेहरे आता कुठं गंभीर झाले.

वस्ताद चाकाला धरून उठून बसला. एक डोळा बंद झाला होता, दात तुटला होता. मार खाताना त्याला जे कळलं नव्हतं ते बॉनेटवरचा पेन पाहून कळलं.

"तृप्ती," तो म्हणाला. सरपटत तो तिच्या पायाशी आला. "तृप्ती, हे नको करू. मी काय करू मंग? मले दुसरं काई येत नाई पोरी. मार मले. तू मार. दांडा घे, हात तोड माहा, मी तुहा तोडला ना? तोड. पण हे नको."

त्यानं तिचा चांगला हात धरून आपल्या गालावर मारून घ्यायला सुरुवात केली. एकदा, दोनदा. त्या गालावरची दाढी, तो घाम, तो वास तिला लहानपणापासून ओळखीचा होता. ताप आला की हाच माणूस तिच्या कपाळावर पाण्याची घडी ठेवून बसायचा. मारावं असं तिला वाटलं, जीव तोडून वाटलं. मारलं असतं तर दोघंही तिथंच सुटले असते, आणि उद्यापासून पुन्हा हरभरे, पुन्हा फोक, पुन्हा जीप.

तिनं हात सोडवून घेतला. वारा सुटला होता आणि कागदाचं टोक फडफडत होतं. तिनं तो हात बॉनेटवर कागदाच्या कोपऱ्यावर घट्ट दाबून ठेवला.

"सही करा," ती म्हणाली.

गजाननरावांनी केली. मग एकेक करून बाकीच्या सहाजणांनी केली. खाली वस्ताद तिच्या पायाला मिठी मारून हुंदके देत होता, आणि वर ती मोठ्यानं रडत होती. पण सातवी सही होईपर्यंत तिनं कागदावरचा हात उचलला नाही.